जावक-दोन

१६ डिसेंबर २०२४, सोमवार. हुमनाबाद

सरांनी कामाची रोजची नोंद ठेवायला सांगितलं आहे. ती संस्थेच्या वहीत, इंग्रजीत. ही वही माझी. तिकडं लिहिता येणार नाही ते इथं.

सर म्हणजे संकर्षणराव, आमच्या संस्थेचे सेक्रेटरी. शाळेत मला गणित त्यांनीच शिकवलं आणि बारा वर्षांपूर्वी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉम्प्युटरचा शिक्षक म्हणून त्यांनीच घेतलं. आज खोलीत बोलावून म्हणाले, "श्रीनाथ, मेलचं मशीन जुनं झालंय. नवं आलंय. जुन्यावरचं सगळं नव्यावर आण आणि जुनं कोरं करून टाक. फेब्रुवारीत विद्यापीठाची तपासणी हाय. बाहेरचा माणूस नको. घरातला पाहिजे म्हणून तुला सांगायलोय."

घरातला. हा शब्द दिवसभर डोक्यात राहिला.

हळ्ळीखेड आणि खटकचिंचोळीच्या शाळा, इथलं पीयू कॉलेज, नर्सिंग कॉलेज आणि ऑफिस, सगळ्यांचे मेल या एकाच मशीनमधून येतात-जातात. कुठला मेल कुठल्या वाटेनं जायचा ते मशीनला ओळी लिहून सांगावं लागतं. पोस्टात पत्रं गावागावाच्या कप्प्यात टाकतात, तसंच. जुन्या ओळी एका हैदराबादच्या माणसानं लिहिल्या होत्या. तो काम सोडून गेला, फोन लागत नाही.

हर्षिताला सांगितलं तर म्हणाली, "तुम्हालाच कामून?" कामून, म्हणजे का. विश्वास असतो म्हणून. बायकोला प्रत्येक गोष्टीत 'कामून' दिसतो.

१८ डिसेंबर, बुधवार

जुन्या मशीनवर वाटांच्या चौदा ओळी आहेत. तेरा पटापट कळल्या. चौदावी कळायला दुपार गेली.

नर्सिंग कॉलेजातून विद्यापीठाला जाणारा मेल विद्यापीठाकडं जातच नाही. तो 'जावक-२' नावाच्या एका डब्यात पडतो आणि तिथंच थांबतो. पाठवणाऱ्याला मात्र 'गेला' असं दिसतं. दुसऱ्या कुणाला ही ओळ लागू नाही. ऑफिसातून, सरांच्या खोलीतून विद्यापीठाला जाणारे मेल बिनबोभाट जातात.

डब्यात एकतीस मेल आहेत. पहिला १२ ऑगस्टचा, शेवटचा २५ नोव्हेंबरचा.

आमच्यातच बसून कुणीतरी दुसऱ्याची पत्रं अडवायलंय.

सरळ वर सरांकडं गेलो. सरांनी चष्मा काढून पुसला. पहिलं विचारलं ते हे, "तू वाचलास का त्यातलं काही?"

"नाही सर."

"बरं केलास. दुसऱ्याचं पत्र वाचू नये." मग म्हणाले, "डबा कोण कोण उघडतंय ते मशीनवर कळतं का?"

"कळतं. एक-दोन दिवस लागतील."

"तेवढं बघ. ओळ काढू नको, आहे तशी राहू दे, नाहीतर माणूस सावध होईल. आणि कुणालाच बोलायचं न्हाई. हर्षिताला बी."

एवढं ऐकूनही आवाज चढला नाही. असा शांतपणा मला कधी जमायचा नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

नोंदी सापडल्या. डबा दोन मशीनवरून उघडला जातो. एक खालच्या आवक-जावक टेबलावरचं. दुसरं वरच्या मजल्यावर सरांच्या खोलीतलं.

आवक-जावकला चन्नबसप्पा बसतात. अठ्ठावन्न वर्षांचे, कपाळावर विभूती, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तीस वर्षं तेच नंबर घालतात आणि शिक्का मारतात. त्यांच्याकडं ऑफिसच्या रजिस्टरशिवाय एक लहान वही आहे. कन्नडात काहीतरी लिहितात आणि मी जवळ गेलो की मिटतात. आजवर हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

वरच्या मशीनचं कोडं तासभर सुटेना. मग सुचलं. सर जेवायला घरी गेल्यावर फायली ठेवायला वर कोण जातं? अप्पाच. म्हणजे सरांच्या खुर्चीत बसून, सरांच्याच मशीनवर! वरच्या नोंदी सकाळी दहा-साडेदहाच्या आहेत, जेवणाच्या वेळच्या नाहीत. पण मशीनचं घड्याळ चुकत असेल. जुनं मशीन आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

विशेष नाही. अप्पा वेळेवर आले, वेळेवर गेले. मला चहा विचारला. कामून विचारला असेल?

२४ डिसेंबर, मंगळवार

अप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रजेचं रजिस्टर काढून बघितलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून एक मंगळवार आड अर्धी रजा.

मी मागोमाग बसस्टँडवर गेलो. पेपर विकत घेऊन तोंडासमोर धरला. कलबुर्गीच्या फलाटावर अप्पा उभे होते. दहा मिनिटांत नर्सिंग कॉलेजच्या अंबिका मॅडम आल्या, पर्समधून खाकी पाकीट काढून त्यांना दिलं आणि मागं न बघता निघून गेल्या. अंबिका मॅडम तिथं ट्यूटर आहेत, म्हणजे मुलींना वॉर्डातलं काम शिकवतात. बाई सरळ वाटायच्या.

गाडीत चढताना अप्पांनी मला बघितलं.

"सर! तुमी बी कलबुर्गीला?"

"न्हाई, पाहुण्यांना सोडायला आलतो. तुम्ही कुठं जायलाव?"

"कलबुर्गीलाच, डोळे दाखवायचे हायत. डॉक्टर मंगळवारीच बसतेत."

पाहुणे वगैरे कुणी नव्हते. मी खोटं बोललो, पण ते कामासाठी. ते कशासाठी बोलले? कलबुर्गीला नर्सिंग कॉलेजं काही कमी नाहीत. आमच्या आतल्या गोष्टी तिकडं पोचत असणार. म्हणजे एक आत बसून पत्रं अडवतो आणि दुसरी बाहेर पाकिटं देते. फक्त एक जमत नाही. डब्यात अडकलेली सगळी पत्रं अंबिका मॅडमचीच आहेत, पाठवणाऱ्याचं नाव न उघडताही दिसतं. स्वतःचीच पत्रं कुणी अडवून घेईल का? काहीतरी डाव असेल.

३० डिसेंबर, सोमवार. येळामवस

येळामवसेला शेतात पूजा करून तिथंच जेवायचं असतं. अंबिका मॅडमच्या घरच्यांनी ऑफिसच्या सगळ्यांना शेतावर जेवायला बोलावलं होतं, खटकचिंचोळीला. मी मुद्दाम गेलो. हर्षिता बरोबर होती. मॅडमचे वडील अंबाजी प्रत्येकाला हाताला धरून कडब्याच्या कोपीपाशी नेत होते. आई राजूबाई वाढायला. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. "आनिक घ्या की सर, लाजायलाव कामून?" म्हणत त्यांनी माझं ताट दोनदा भरलं. ज्याच्यावर नजर ठेवायला आलो त्याच्याच घरचं खाताना लाज वाटत होती. तरी खाल्लं.

जेवण झाल्यावर बघितलं तर विहिरीच्या पलीकडं अंबिका मॅडम, अप्पा आणि एक मुलगी उभी होती. मुलगी रडत होती. मी हात धुवायच्या निमित्तानं तिकडं गेलो. तिघंही गप्प झाले. अप्पा म्हणाले, "पानी गार हाय सर, सांबाळून."

हर्षिता मात्र सरळ त्या मुलीजवळ गेली आणि तिला घेऊन बांधावर बसली. परत येताना बसमध्ये म्हणाली, "शैलश्री नाव आहे. नर्सिंगला तिसऱ्या वर्षाला आहे. तिला कॉलेजातून काढायलेत म्हणं."

"तू त्यात पडू नको. तिथं काहीतरी वेगळंच चाललंय."

हर्षितानं माझ्याकडं बघितलं. "माणसांकडं असं कधीपासून बघायलाव तुम्ही?"

तिला सगळं सांगता येत नाही, हाच त्रास आहे.

१ जानेवारी २०२५, बुधवार

सरांना सगळं सांगितलं. टेबल, मंगळवार, खाकी पाकीट, विहीर. सर एकदाही मध्ये बोलले नाहीत. लहान वहीचं सांगितल्यावर मात्र खुर्चीत पुढं सरकले.

"कसली वही? त्यात काय लिहितो तो?"

"कन्नडात काहीतरी. आकडे आणि तारखा."

"आणि ती पोरगी बी होती म्हणतोस. बरं." मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तरीच विद्यापीठात कागद कसे पोचायलेत ते कळेना मला."

कुठले कागद, ते विचारायचं राहून गेलं. जुनं मशीन सतरा तारखेपर्यंत कोरं करायचं ठरलं. वीस तारखेला सरांना एका सुनावणीसाठी कलबुर्गीला जायचं आहे, त्याच्या आत सगळं आवरलेलं हवं आहे.

३ जानेवारी, शुक्रवार

अप्पांची हळ्ळीखेडच्या शाळेत बदली. आजपासूनच. सरांनी वर बोलावून लहान वही काढून घेतली. भांडण नाही, आवाज नाही. अप्पांनी टेबलावरचे शिक्के पुसून ओळीनं लावले, खणाच्या किल्ल्या माझ्याकडं दिल्या आणि हळूच म्हणाले, "सर, एवढं ऐका. जावक-दोनमधलं काई पुसू नका."

म्हणजे कबुलीच दिली. चोर कोण याबद्दल आता शंका नाही. तरी मोकळं वाटत नाही. त्यांच्या टेबलापुढून जाताना मी आज दोनदा लांबच्या बाजूनं गेलो.

८ जानेवारी, बुधवार

नवं मशीन चालू झालं. तेरा ओळी घातल्या. सगळ्या शाळांतून मेल पाठवून बघितले, व्यवस्थित पोचले. खूश होऊन वर सांगायला गेलो.

सर म्हणाले, "तेरा कामून? चौदावी बी घाल. डबा मात्र आता फक्त माझ्या खोलीतनंच उघडला पाहिजे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "सर, ती तर काढायची ना?"

"श्रीनाथ, घरातलं लेकरू रागानं काही बोललं तर ते लगेच गावभर जाऊ द्यायचं का? मी आधी बघतो. जाण्यासारखं असलं तर सोडतो. एवढी मोठी संस्था अशीच चालत न्हाई."

"म्हणजे ती ओळ तुम्हीच…"

"जुन्यातला डबा इकडं आणायची गरज न्हाई. तो तिकडंच पुसून जाऊ दे."

खाली आलो आणि ओळ घातली. माझ्या हातानं. दोन मिनिटांचं काम. चाचणी घेतली, ओळ चालते.

मग चोर शोधायला मला कामून लावलं? माझी परीक्षा बघितली असेल. सर आधीपासून असंच करतात. वर्गातही उत्तर माहीत असताना विचारायचे. आणखी एक विचार येतोय, तो आज लिहीत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

शेवटी हर्षिताला सांगितलं, चौदावी ओळ सोडून सगळं. मग तिला काय माहीत होतं ते तिनं सांगितलं.

नर्सिंगच्या मुली हायवेवरच्या एका खाजगी हॉस्पिटलात शिकायला जातात. हॉस्पिटल सरांच्या व्याह्यांचं. सरांनी मुलींची सोय केली म्हणून मी किती जणांजवळ कौतुक केलं आहे. १९ नोव्हेंबरला तिथं शैलश्री एकटी होती. बावीस पेशंट, मोठी नर्स एकही नाही. नागम्मा नावाच्या दोन म्हाताऱ्या दोन खाटांवर. एकीचं इन्शुलिन दुसरीला गेलं. ती बाई आठ दिवसांनी धोक्यातून बाहेर आली, पण संस्थेनं विद्यापीठाला कळवलं की मुलगी परवानगीशिवाय वॉर्डात गेली आणि ट्यूटरनं दुर्लक्ष केलं. वीस तारखेची सुनावणी तिच्यासाठीच आहे. तिचं नाव कमी होणार, आणि अंबिका मॅडमची नोकरीही.

"ही त्यांची बाजू झाली," मी म्हणालो.

"मग दुसरी बाजू कुठं आहे? तुमच्या मशीनवर आहे ना? वाचून बघा की."

"दुसऱ्याचं पत्र वाचू नये."

हर्षिता हसली. बरं नाही वाटलं ते हसणं.

१० जानेवारी, शुक्रवार

वाचली. दार लावून, दुपारच्या सुट्टीत, सर घरी गेल्यावर. मीही तेच करतोय जे अप्पा करतात असं मला वाटलं होतं.

पहिलं पत्र कन्नडात आहे, इथं मराठीत उतरवतो. "माझ्या विद्यार्थिनींना वॉर्डात कुणाच्याही देखरेखीशिवाय ठेवलं जातं. त्या शिकत नाहीत, कर्मचाऱ्यांच्या जागी राबतात. चुकीचं औषध जाण्याचा धोका आहे. कृपया पाहणी करावी." तारीख १२ ऑगस्ट. तीन महिने आधी!

त्याच्या पुढचं पत्र आठ दिवसांनी. मग पुन्हा. १९ नोव्हेंबरच्या आधीची एकोणीस पत्रं आहेत. एकात लिहिलंय, "आपलं उत्तर आलं नाही. माझ्या लिहिण्यात काही चूक असल्यास कळवावे." हिला वाटत होतं हिचं लिहिणंच चुकतंय.

मग नोंदींकडं परत बघितलं. वरच्या मशीनवर सकाळी दहा-साडेदहाला डबा उघडला जातो. सर रोज दहाला येतात. घड्याळ बरोबर आहे, मी आज लावून बघितलं. खरं तर ते बघायला एक मिनिट लागतं. वीस डिसेंबरलाही लागलं असतं.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी अप्पांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, सिद्धव्वांनी दार उघडलं आणि आत वळून विचारलं, "ह्येच का ते, बसस्टँडवरचे?"

अप्पा हसत बाहेर आले. "या सर, या. आमाला कळत व्हतं तुमी बघायलाव ते. पेपर तोंडाला धरलाव, पन शर्ट ऑफिसचाच की."

मी विचारलं, "तुम्ही डबा कामून उघडत होता?"

"आज विचारलाव बगा." त्यांनी मला खाली बसवलं. "त्या हैदराबादवाल्यानं घाईत डबा माज्याच नावाखाली केला. सरांना बी ठावं नव्हतं. नोव्हेंबरात एक दिवस सकाळी मशीन लावलं, तर समोर अंबिका मॅडमची पत्रं. गेली म्हनून सांगितलेली, आन हितंच पडल्याली. मॅडमला दाखवलं. ती बिचारी बसूनच राहिली."

तेव्हापासून मॅडम प्रत्येक पत्र कागदावर सही करून देत होत्या. अप्पा त्यावर संस्थेचा शिक्का मारायचे आणि जावक नंबर घालायचे, कारण नंबराशिवाय विद्यापीठ कागद घेत नाही. मोठ्या रजिस्टरात लिहिलं तर सरांना दिसणार, म्हणून लहान वही. आणि पोस्टात टाकलं तर पोच कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, म्हणून स्वतः कलबुर्गीला.

"मग झालं काय?"

"कागद तर घेतले. पन तितले साहेब म्हनले, अप्पा, कागद मागनं बी लिवता येतो. घडायच्या आदी कळवलंव म्हनता, तर मेल दाखवा. आमाला तर एक बी आला न्हाई. आता मेल आमाला सोडता येईना." ते माझ्याकडं बघत राहिले. "तुमाला येतंय का?"

"येतंय," मी म्हणालो.

त्यांनी सोडा असं म्हटलं नाही. सिद्धव्वांनी चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा आणून ठेवला. निघताना मी म्हणालो, "मला आधीच सांगायचं होतं ना अप्पा."

"तुमी सरांचे मानूस. कसं सांगावं? आन तुमी बी कुटं जायलाव एवडंच विचारलाव. कामून ते न्हाई विचारलं."

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सरांच्या घरी तिळगूळ घ्यायला गेलो, दर वर्षी जातो. निरोप देताना सरांनी दारात विचारलं, "पुसलास का?"

"चालू आहे सर."

सरांशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.

मी भितोय, हे लिहून ठेवतो. नोकरी जाईल ही भीती आहेच. पण जास्त भीती सरांच्या नजरेची आहे. वडील गेले तेव्हा माझ्या पीयूच्या परीक्षेची तयारी सरांनी घरी बसवून करून घेतली होती. ते खोटं होतं का? नाही. मग हे खरं कसं? दोन्ही एकाच माणसाचं आहे आणि मला ते एकत्र धरता येत नाही.

सरांनी माझं काम बघून निवडलं असं मी समजत होतो. आज वाटतंय, मी 'कामून' विचारत नाही म्हणून निवडलं.

हर्षिताला विचारलं, काय करू? म्हणाली, "तुम्हाला कळलंय की. मला विचारून माझ्यावर टाकू नका."

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी अकरा वाजता केलं. सर वर होते.

आधी नव्या मशीनवरची चौदावी ओळ काढली. मग जुन्या मशीनवरून ती काढली आणि डब्यातले एकतीस मेल वाटेला लावले. मूळ तारखांसकट. ते आमच्या मशीनवर कधी आले आणि किती दिवस अडकून होते हे प्रत्येकाच्या माथ्यावर मशीननंच लिहिलेलं असतं. त्यात कुणाला मागून काही घालता येत नाही.

पडद्यावर एकेक ओळ यायला लागली. पोचलं. पोचलं. पोचलं. पाच महिने अडलेली पत्रं चार मिनिटांत गेली. तीस गेली. एक परत आलं.

त्याला वॉर्डातल्या ड्यूटीच्या तक्त्यांचे फोटो जोडलेले होते. मोठं झालं म्हणून विद्यापीठाच्या मशीननं घेतलं नाही. नेमकं तेच सगळ्यात महत्त्वाचं. त्याचे दोन भाग केल्याशिवाय ते जाणार नव्हतं, आणि दोन भाग करून पाठवायचं म्हणजे कुणीतरी आपल्या नावानं पाठवायला हवं.

बाकीच्या तिसांचं मी म्हणू शकलो असतो, मशीन बदलताना गेले. एकतिसाव्याचं तसं म्हणता येणार नव्हतं. मी उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. मग वर लिहिलं: "हे पत्र ९ ऑक्टोबरपासून आमच्या सर्व्हरवर अडवून ठेवलेलं होतं. अशी व्यवस्था जुन्या सर्व्हरवर होती. ८ जानेवारीला ती नव्या सर्व्हरवर मी स्वतः घातली आणि आज काढली. कुणाच्या सांगण्यावरून घातली ते सुनावणीत सांगायला तयार आहे." खाली नाव, हुद्दा, फोन नंबर.

जुनं मशीन पुसलं नाही. खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात.

१७ जानेवारी, शुक्रवार

सरांनी बोलावलं. कुणीतरी विद्यापीठातून फोन केला असणार.

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी तुला घरातला समजत होतो."

"सर, ती मुलगी पण आपल्याच कॉलेजची आहे."

"तुला कळतंय का, अडीचशे पोरींचं कॉलेज बंद पडेल?"

खरंच बंद पडलं तर? हे मला आधी सुचलंच नव्हतं. तरी किल्ली मागितली तेव्हा म्हणालो, "सुनावणीनंतर देतो सर."

ते म्हणाले, "जा." चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाचा आवाज, पण आज तो माझ्यापर्यंत लांबून आला.

२० जानेवारी, सोमवार. कलबुर्गी

अंबिका मॅडम, शैलश्री, अप्पा आणि मी एकाच बसनं आलो. मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. शैलश्री खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होती. हुमनाबाद सोडल्यावर अप्पांनी शेंगा काढल्या आणि सगळ्यांना वाटल्या, मलाही.

आत तिघं जण बसले होते. टेबलावर एकतीस मेलांची चळत आणि शेजारी अप्पांनी नेऊन दिलेले कागद. त्यांनी एकेक तारीख जुळवून बघितली. अडीच तास. शैलश्रीला विचारलं, त्या दिवशी काय झालं? ती पाठ केलेलं सगळं विसरली आणि सरळ म्हणाली, "चूक माझीच आहे. सुई मी टोचली. पण विचारायला तिथं कुणीच नव्हतं."

मला विचारलं, ओळ कुणी घालायला सांगितली? सर समोरच बसले होते. मी सांगितलं. नाव घेतलं. त्यांच्याकडं बघून घेता आलं नाही, टेबलाकडं बघून घेतलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निकालाचं पत्र आलं. शैलश्रीचं नाव राहिलं. सहा महिने वॉर्डातलं शिक्षण तिनं पुन्हा करायचं, देखरेखीखाली, सरकारी दवाखान्यात. ती 'मान्य आहे' म्हणाली. बाकीच्या मुलींचंही त्या हॉस्पिटलात जाणं बंद. कॉलेज बंद केलेलं नाही, चौकशी लावली आहे. संस्थेच्या मंडळानं सरांना चौकशी होईपर्यंत रजेवर राहायला सांगितलं. अप्पा परत आवक-जावकला आले. मेलचं मशीन चौकशी संपेपर्यंत माझ्याकडंच ठेवायचं असं विद्यापीठाचं पत्र आहे.

सरांच्या घरी दोनदा गेलो. दोन्ही वेळा 'झोपलेत' असं सांगितलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात मी गेलो की माणसं गप्प होतात. खटकचिंचोळीचे हेडमास्तर मेल न करता शिपायाच्या हाती पत्र पाठवायलेत. मी विचारलं तर म्हणाले, "राहू द्या की सर, असंच बरं पडतं." कोण कुठं जायलाय, कोण कुणाशी बोलायलाय हे मी महिनाभर बघत होतो. आता सगळे मला बघायलेत. मला राग येत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि याहून वाईट केलं आहे.

आज वाटांच्या सगळ्या ओळी साध्या मराठीत उतरवल्या. कुणाचा मेल कुठून कुठं जातो, मध्ये कोण वाचू शकतं (कुणीही नाही). अप्पांनी शेजारी कन्नडात लिहिलं आणि खाली जावक नंबर घालून शिक्का मारला. कागद बोर्डावर लावला.

दुपारी अंबिका मॅडम बोर्डापुढं उभ्या होत्या. बोटानं ओळी मोजल्या. मग माझ्या टेबलाशी आल्या. येळामवसेनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"एवढ्याच ओळी हायत?"

"एवढ्याच."

"मशीनवर दाखवा."

मी पडदा त्यांच्याकडं फिरवला आणि खुर्चीवरून उठलो. त्या बसल्या. एकेक ओळ वाचायला त्यांना पाऊण तास लागला. जिथं कळलं नाही तिथं थांबून त्यांनी विचारलं, "हे कामून?" आणि मी सांगितलं.